पस्तीस रुपये नऊ आणे

१५ ऑगस्ट १९४९ रोजी भारतीय टपाल खात्याने सोळा तिकिटांची एक मालिका काढली. स्वतंत्र भारताची रोजच्या वापरासाठीची ही पहिली मालिका, नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेली. प्रत्येक तिकिटावर एखादं प्राचीन शिल्प किंवा वास्तू. तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचा हत्ती, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती. मग आण्यांची तिकिटं: बोधिसत्त्व, नटराज, सांचीचं तोरण, बोधगयेचं मंदिर, भुवनेश्वर, गोलघुमट, खजुराहो, सुवर्णमंदिर. शेवटी रुपयांची: चित्तोडचा विजयस्तंभ, लाल किल्ला, ताजमहाल, कुतुबमिनार आणि पंधरा रुपयांवर शत्रुंजय. संग्राहकांमध्ये हिला ‘आर्किऑलॉजिकल सिरीज’ म्हणतात.

सोळाच्या सोळा तिकिटं त्या दिवशी पोस्टाच्या खिडकीवर घेतली असती तर किती पैसे पडले असते? कागदावर मांडून पाहा. तीन, सहा आणि नऊ पै मिळून दीड आणा. एक आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची आठ तिकिटं मिळून साडेएकोणचाळीस आणे. म्हणजे पहिली अकरा तिकिटं दोन रुपये नऊ आण्यांत आली. उरलेल्या पाच तिकिटांना तेहतीस रुपये. एकूण पस्तीस रुपये नऊ आणे, आणि त्यातले पंचवीस रुपये फक्त शेवटच्या दोन तिकिटांचे. मालिकेच्या किमतीचा सत्तर टक्के भाग दोन कागदी तुकड्यांत.

कमी पैशांत संच पूर्ण करू पाहणाऱ्याने हे गणित पहिल्या दिवशी करावं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत आकडे बदलले, पण उतार तोच राहिला. खालची तिकिटं आजही चहा-भजीच्या पैशांत मिळतात आणि वरची दोन-तीन तिकिटं खिसा कापतात. पंधरा रुपयांचं तिकीट लावावं लागेल असं टपाल १९४९ मध्ये रोज कोण पाठवत होतं? कमी खपलं, कमी जपलं गेलं, म्हणून महाग.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मुलं बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवत. च्युइंगमच्या पुड्यातून कार्ड निघायचं, नको असलेलं बदलून घ्यायचं. टॉप्स या कंपनीने १९५२ मध्ये ४०७ कार्डांचा संच काढला. त्यातली शेवटच्या टप्प्यातली कार्डं उशिरा बाजारात आली, बेसबॉलचा हंगाम तोवर संपत आला होता, माल पडून राहिला. सन १९६०च्या सुमारास कंपनीच्या साय बर्गर यांनी ती उरलेली खोकी बोटीवर घालून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडवली. त्याच टप्प्यात ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्या कार्डाची एक जवळजवळ निर्दोष प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली. १९५२चा संच पूर्ण करायला निघालेला साधा नोकरदार माणूस तिथे काय करतो? कोपरे झिजलेलं, मधे घडी पडलेलं मँटल घेतो, किंवा ते एक घर रिकामं ठेवतो, किंवा सरळ दुसऱ्या वर्षाचा संच निवडतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसापुढेही हेच तीन रस्ते आहेत.

माझं मत असं की बहुतेक संग्रह पैशाअभावी अर्धवट राहत नाहीत. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून राहतात. आर्किऑलॉजिकल मालिकेचंच घ्या. सोळा तिकिटं लावून झाली की कुणीतरी भेटतो आणि विचारतो, “एक आण्याची दोन्ही आहेत का?” कारण १९४९च्या एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व आरशात दिसावा तसा उलटा छापला गेला होता. चूक लक्षात आली आणि १९५० मध्ये मूर्ती सुलटी करून तिकीट पुन्हा काढलं. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवली तर एकात मूर्तीचा पसरलेला हात एका बाजूला आणि दुसऱ्यात विरुद्ध बाजूला दिसतो. तिकिटं एकेकटी पाहिली तर वर्षानुवर्षं कळत नाही. पुढे १९५१ मध्ये चार आण्याचा रंग बदलला, अडीच आण्याचं नवीन तिकीट आलं. मग संच सोळाचा, सतराचा की त्याहून मोठा? कॅटलॉग याचं उत्तर देत नाही, तो फक्त नोंद करतो. उत्तर आपण वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं आणि मग बदलायचं नाही. ‘बारा आण्यांपर्यंतची अकरा, आणि सुलट्या बोधिसत्त्वाचं एक’ हाही पूर्ण संच आहे, कुणी काही म्हणो.

सोळाचाच हट्ट असेल तर उलटीकडून सुरुवात करावी. आपल्याकडे सगळे स्वस्त तिकिटांपासून सुरू करतात. आठ-दहा पटकन जमतात, उत्साह येतो, मग दहा रुपयांच्या तिकिटाशी गाडी अडते ती अडतेच. त्यापेक्षा पहिले पैसे साठवून पंधरा रुपयांचं तिकीट घ्यावं. ते हातात आलं की बाकीची सगळी सोपी वाटतात. ते परवडतच नाही असं दिसलं, तर अकराच्या संचाचा निर्णय सुरुवातीलाच होतो आणि मधल्या तिकिटांवर पैसे जात नाहीत.

वरची तिकिटं स्वस्तात मिळवण्याची जुनी वाट म्हणजे वापरलेली तिकिटं घेणं. कोरं, मागे मूळ गोंद असलेलं तिकीट आणि शिक्का बसलेलं तिकीट यांच्या भावात मोठी तफावत असते. त्यातही शिक्का कोणता आहे हे पाहावं. तारेचे पैसे त्या काळी तिकिटं लावून भरले जात. त्यामुळे जास्त किमतीच्या बऱ्याच तिकिटांवर तार कार्यालयाचा शिक्का आढळतो. टपालाचा शिक्का हवा असणारे संग्राहक ती नाकारतात, म्हणून ती उतरत्या भावाने मिळतात. तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेचा शिक्का म्हणजे कमीपणा, ही समजूत मात्र दुकानदारांच्या मनात अजून आहे. तिचा फायदा घ्यावा. एक पथ्य पाळायचं: संच कोरा तर सगळा कोरा, वापरलेला तर सगळा वापरलेला. पानावर पंधरा शिक्क्यांची तिकिटं आणि त्यात एक चकचकीत कोरं तिकीट असलं की ते एकटंच डोळ्यांत खुपतं.

एका संचापासून मात्र गरिबाने लांब राहावं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी महात्मा गांधींच्या स्मरणार्थ चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली, वर हिंदी आणि उर्दूत ‘बापू’. चारच तिकिटं, दर्शनी किंमत अकरा रुपये एक आणा, म्हणून सोपा संच वाटतो. पण दहा रुपयांचं तिकीट हे भारतात सर्वाधिक बनावट निघालेल्या तिकिटांपैकी एक. कुणी ते ‘स्वस्तात’ देऊ केलं की समजावं, यात काहीतरी आहे. याच तिकिटांच्या सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ असं छापलेल्या अवघ्या शंभर-शंभर प्रती काढल्या होत्या. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी एप्रिल २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना गेली. ही बातमी आल्यापासून घरोघरी ‘आमच्या आजोबांकडे होतं’ असं सांगणारे वाढले आहेत. पहिली तीन घ्या, चौथ्याचा नाद सोडा.

त्यापेक्षा १९५७ची नकाशाची मालिका बघा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आण्यांचे नये पैसे झाले, आणि त्याबरोबर भारताचा नकाशा असलेली एकाच चित्राची, वेगवेगळ्या रंगांची तिकिटं आली. चित्र एकच म्हणून लोक तिला कंटाळवाणी म्हणतात. पण आधीच्या कागदात ताऱ्यांचं जलचिन्ह आहे आणि १९५८ पासूनच्या कागदात अशोकस्तंभाचं. वरून काही फरक नाही. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवायचं, त्यावर लायटरच्या पेट्रोलचे दोन थेंब टाकायचे, की क्षणभर तारे किंवा सिंह उमटतात आणि पेट्रोल उडालं की जातात. (जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको.) एकाच रंगाची दोन तिकिटं वेगळी निघाली की जो आनंद होतो त्याला फारसा खर्च नाही, ही तिकिटं किलोच्या भावाने मिळणाऱ्या ढिगातसुद्धा सापडतात.

आता आपल्या जिल्ह्यांकडे येऊ, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत राहणाऱ्याला मुंबई-पुण्याच्या संग्राहकापेक्षा एका बाबतीत जास्त सोय आहे. इथे फार मोठे तिकीट-विक्रेते नाहीत. पण जुने कागद आहेत. किराणा, भुसार, लाकूड, तेंदूपत्ता, मोहफूल अशा व्यापारातली पत्रं दुकानांत लोखंडी तारेला टोचून ठेवायची पद्धत होती. आलेलं प्रत्येक पोस्टकार्ड तारेत ओवायचं, तार भरली की छताला टांगायची. घर पाडताना, दुकान बदलताना ही भरलेली तार रद्दीवाल्याकडे जाते. तिच्यातलं प्रत्येक कार्ड मधोमध भोक पडलेलं, तेलाने पिवळं झालेलं. अशा कार्डाला बाजारात भाव नाही, आणि म्हणूनच ते आपलं. तिकीट आणि शिक्का कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात असतात, भोक मध्यभागी. बहुतेक वेळा शिक्का शाबूत राहतो. खाजगी मजकूर असेल तर तो आपल्यापुरता ठेवावा, कुणाच्या उधारीची यादी चारचौघांत वाचून दाखवू नये.

या कार्डांवरचा पत्ता नीट पाहा. चांदा (आजचं चंद्रपूर) जिल्हा ब्रिटिश काळात मध्य प्रांतात (सी. पी.) होता, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पत्ता लिहिणारे लोक कधी नवीन नाव लगेच उचलत, कधी वर्षानुवर्षं जुनंच लिहीत. ‘चांदा, सी. पी.’, ‘चांदा, म. प्र.’, ‘चांदा, मुंबई राज्य’, ‘चांदा, महाराष्ट्र’ अशी चार कार्डं जमवली की एक संच झाला, आणि त्याची किंमत चार रद्दी कार्डांची. मुंबई राज्याचं कार्ड मिळायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण ते राज्य आपल्यासाठी जेमतेम साडेतीन वर्षं होतं. पाचवं घर करायचं असेल तर ‘चंद्रपूर’ नाव आल्यानंतरचं कार्ड. जिल्ह्याचं हे नाव १९६४ नंतरचं. रेल्वेने मात्र ‘चांदा फोर्ट’ अजून सोडलेलं नाही.

वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याला गेलं की गोष्ट आणखी रंगते. राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. हैदराबाद संस्थानाची स्वतःची टपाल व्यवस्था होती आणि १८६९ पासून स्वतःची तिकिटं. ती १९५० पर्यंत चालली. म्हणजे नदीच्या एका काठावर बल्लारपूरला राजाच्या मुखड्याचं ब्रिटिश-भारतीय तिकीट आणि दुसऱ्या काठाकडे निजामाचं. राजुरा १९५६ ला नांदेड जिल्ह्यात गेला आणि १९५९ ला चांद्यात आला. दक्षिणेला सिरोंच्याचीही तीच गत: प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडचा काठ निजामाचा. निजामाची साधी तिकिटं महाग नाहीत, ढिगाने छापली गेली. दोन काठांची दोन तिकिटं एका पानावर लावली तर आपल्या जिल्ह्याचा अर्धा इतिहास तिथेच दिसतो, आणि असं पान इंग्लंडच्या कॅटलॉगात कुठेच मांडलेलं नाही.

मग १९७२. त्या वर्षी १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, आणि संस्कृतचे कवी. पोस्टाचा सहा आकडी हिशोब आणि संस्कृत नाटकं एकाच माणसाच्या टेबलावर असणं हे मला नेहमी गमतीचं वाटतं. पिनकोडच्या आकड्यांतही आपल्या भागाची रचना दिसते. चंद्रपूर ४४२४०१, गडचिरोली ४४२६०५, सिरोंचा ४४२५०४, अहेरी ४४२७०५. पण ब्रह्मपुरी ४४१२०६, वडसा ४४१२०७, आरमोरी ४४१२०८, मूल ४४१२२४. एक गट ४४२चा, दुसरा ४४१चा, आणि दुसऱ्या गटातली नागभीड, वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल ही गावं गोंदिया–चांदा फोर्ट रेल्वेमार्गावरची. जिल्ह्याची सीमा एक सांगते आणि टपालाची वाट दुसरी.

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे अहेरी, एटापल्ली, सिरोंचा, कुरखेडा इथली १९८२ पूर्वीची पत्रं चंद्रपूर जिल्ह्याची आणि नंतरची गडचिरोलीची. एकाच गावाची दोन कार्डं, मधे तारखेची रेघ.

यातूनच मला सगळ्यात आवडणारा संच निघतो, आणि तो जवळजवळ फुकट आहे. आज चंद्रपूर जिल्ह्यात पंधरा तालुके आणि गडचिरोलीत बारा. एकूण सत्तावीस. प्रत्येक तालुक्याच्या गावातल्या डाकघराचा शिक्का बसलेलं एकेक पोस्टकार्ड जमवायचं. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं. सत्तावीस कार्डांचे साडेतेरा रुपये. आपण स्वतः त्या गावी गेलो तर खिडकीवर कार्ड देऊन “शिक्का स्वच्छ मारा हो” म्हणायचं. नाहीतर आपलाच पत्ता घातलेलं कार्ड पाच रुपयांच्या पाकिटात घालून तिथल्या पोस्टमास्तरांना विनंतीच्या चिठ्ठीसह पाठवायचं. प्रत्येक ठिकाणी साडेपाच रुपये, सत्तावीस ठिकाणी मिळून एकशे साडेअठ्ठेचाळीस. कार्ड परत आलं की त्यावर दोन तारखा असू शकतात: निघाल्याची आणि पोचल्याची. पोचल्याचा शिक्का आता सगळीकडे मारतातच असं नाही, पण मारला असेल तर भामरागडचं पावसाळ्यातलं कार्ड पाहा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, टपालही थांबतं. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे पुराचं मोजमाप. जवळच हेमलकसा, जिथे डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्या काळातली हेमलकशाकडे गेलेली पत्रं कुणाच्या घरी असतील तर त्यांना पैशात मोजू नये.

या संचात अडचण पैशाची नसते, शिक्क्याच्या शाईची असते. शाई सुकलेली, रबर झिजलेलं, घाईत मारलेला शिक्का: ‘गोंडपिपरी’मधलं फक्त ‘पिप’ उमटतं. अशा वेळी कार्ड टाकून देऊ नये. नवीन पाठवावं, आणि जुनं त्याच्यामागे ठेवावं. जिवती, कोरपना, मुलचेरा, कोरची ही नावं पूर्ण, गोल, वाचता येईल अशी मिळेपर्यंत दोन-तीन वर्षं गेली तरी चालतील.

चित्राची तिकिटं हवी असतील तर या जंगलाशी नातं सांगणारी काही आहेत. ७ ऑक्टोबर १९६३ ला वन्यजीव रक्षणासाठी पाच तिकिटं निघाली: गवा, लाल पांडा, हत्ती, वाघ, सिंह. दहा नये पैशांपासून एक रुपयापर्यंत, एकूण दोन रुपये पाच नये पैसे. लाल पांडा आणि सिंह आपले नाहीत, पण संच म्हणजे संच. आणि गवा व वाघ ताडोबात डोळ्यांनी पाहता येतात. रोजच्या वापराच्या चौथ्या मालिकेत आठ पैशांच्या तिकिटावर चितळ होतं, ते तर आजही रद्दीच्या पाकिटांवर सापडतं. त्याच काळातलं पाच पैशांचं निर्वासित मदत निधीचं तिकीट विसरू नका. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसला. सुरुवातीला नवीन तिकिटं पुरेशी नव्हती, म्हणून जागोजागी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर हाताने शिक्के मारून काम भागवलं. मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. तिथल्या पत्रांवर हे तिकीट दिसलं की त्याचा वेगळाच अर्थ लागतो.

आणि एक तिकीट या जिल्ह्यांच्या संग्रहात नसेल तर तो संग्रह मी अपुरा मानतो: वीर बाबुराव पुलेश्वर शेडमाके. मोलमपल्लीचे हे गोंड जमीनदार १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. टपाल खात्याने १२ मार्चला, त्यांच्या जयंतीला, त्यांचं तिकीट काढलं. स्मारक तिकिटं एकदाच छापतात, संपली की संपली. तरीही अलीकडची म्हणून हे अजून परवडतं. चंद्रपूरच्या शिक्क्याचं पाकीट मिळालं तर उत्तम.

अशी नवीन तिकिटं दर्शनी किमतीत हवी असतील तर टपाल खात्यात फिलाटेली ठेव खातं उघडता येतं. निदान दोनशे रुपये भरायचे, त्यातून नवीन निघालेली तिकिटं घरपोच येतात. शाळेतल्या मुलांसाठी २०१७ पासून ‘दीनदयाळ स्पर्श’ शिष्यवृत्ती आहे: सहावी ते नववीच्या मुलांना वर्षाला सहा हजार रुपये, अट तिकीटसंग्रह आणि त्याची परीक्षा. आपल्या आश्रमशाळांतल्या किती मुलांपर्यंत ही माहिती पोचते हा प्रश्न मला सतावतो. पोचली तर वडसा-धानोऱ्याच्या मुलाला स्वतःच्या गावाचा शिक्का घेऊन परीक्षेला बसता येईल.

आता जपण्याविषयी थोडं, कारण इथे पैसे वाया जातात ते खरेदीत कमी आणि हवेमुळे जास्त. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो. कोऱ्या तिकिटामागचा गोंद सुकतो, तिकीट वळतं, कधी गोंदाला भेगा पडतात. जून उलटला की उलट त्रास: दमट हवेत तोच गोंद पानाला चिकटतो आणि तिकिटाच्या दात्यांवर तांबूस डाग येतात. म्हणून या भागात वापरलेली, गोंद नसलेली तिकिटं जमवणंच शहाणपणाचं. पाकिटाचा तुकडा कापून साध्या गार पाण्यात तिकीट वर करून ठेवायचं. पाच-दहा मिनिटांत ते आपोआप सुटतं, ओढायचं नाही. रंगीत पाकीट असेल तर वेगळ्या वाटीत, नाहीतर लाल कागदाचा रंग सगळ्या तिकिटांना लागतो. चिमट्याने उचलून टीपकागदावर पालथं, वर दुसरा टीपकागद, त्यावर जाडजूड पुस्तक. दुसऱ्या दिवशी सपाट मिळतं. पण शिक्का वाचता येण्यासारखा असेल, गावाचं नाव दिसत असेल, तर भिजवायचं नाही. कार्ड किंवा पाकीट अख्खंच ठेवायचं.

अल्बम विकत घेण्याची गरज नाही. जाड कागदाची पानं, त्यावर पारदर्शक पट्ट्या, आणि प्रत्येक रिकाम्या घराखाली पेन्सिलने लिहिलेलं नाव. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५चा, याच जंगलातला बांबू त्याने वर्षानुवर्षं खाल्ला. त्या कागदाच्या जुन्या वह्या अजून कुणाकडे असतील. पण तिकिटं त्यात लावू नयेत, साध्या वहीचा कागद वर्षांनी पिवळा पडतो आणि तिकिटालाही पिवळं करतो. त्यात यादी करावी: काय आहे, काय नाही, कोणाकडे जास्तीचं आहे. यादी खिशात असली की जत्रेत, रद्दीच्या दुकानात किंवा नागपूरच्या तिकीट प्रदर्शनात आपल्याकडे असलेलंच तिकीट दुसऱ्यांदा विकत घेतलं जात नाही. जास्तीची तिकिटं विकू नयेत, बदलावीत. एका चितळाच्या बदल्यात एक नकाशा, दोन निजामांच्या बदल्यात एक गवा. भाव तिथेच, समोरासमोर ठरतो.